कागदावरचा माल, पोटातला माल

मंडळी, बैलगाडी भरताना कधी पाहिली आहे का? आता गाड्या कमी राहिल्या, पण ज्यांनी पाहिलं असेल त्यांना दोन शब्द नक्की आठवतील. माल पुढे जास्त झाला की गाडी ‘धुरजड’ आणि मागे जास्त झाला की ‘उलाळ’. धुरजड गाडीचं ओझं बैलांच्या मानेवर येतं, बैल दमतात, पण गाडी चालते. उलाळ गाडीचं मात्र जूच वर उचललं जातं आणि चढ लागला की बैलांच्या गळ्याशी येतं. म्हणून जुना गाडीवान आधी जू हातानं उचलून पाहायचा, दोन पोती पुढे-मागे करायचा आणि मगच बैल जुंपायचा.

विमानाचं गणित याहून वेगळं नाही. विमानाचा एक तोलबिंदू असतो. माल, इंधन आणि माणसं यांचं सगळं वजन जणू त्या एका जागी टांगलेलं आहे असं समजायचं. हा बिंदू पुढे-मागे किती सरकू शकतो याच्या मर्यादा विमान बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या असतात. बिंदू फार पुढे गेला की धावपट्टीवर नाक उचलता उचलत नाही. फार मागे गेला की नाक आपणहून उचलतं आणि मग ते खाली आणणं वैमानिकाच्या हातात राहत नाही. दोन्हींत हा दुसरा प्रकार जास्त घातक.

फरक एवढाच की वैमानिकाला जू उचलून पाहता येत नाही. शंभर टन माल, म्हणजे दहा-बारा मालट्रक रिकामे करून भरलेलं बोइंग ७४७ त्याच्या पाठीमागे उभं असतं आणि त्याच्या हातात असतो एक कागद. आमच्या भाषेत ‘लोड अँड ट्रिम शीट’. आज मी बोलणार आहे ते या कागदाबद्दल, आणि कागदावरचा माल व विमानाच्या पोटातला माल वेगळा निघाला तर काय होतं याबद्दल.

मी मुंबईला सहार विमानतळावर मालवाहतुकीच्या बाजूला बरीच वर्षं काढली, त्यातली बहुतेक लोड कंट्रोलच्या टेबलावर. लोकांची समजूत अशी, की विमानात माल भरणं म्हणजे टेम्पोत सामान भरण्यासारखं. जागा दिसेल तिथे कोंबायचं. तसं नसतं. माल आधी गोदामात ‘पॅलेट’वर रचला जातो. पॅलेट म्हणजे ॲल्युमिनियमचा जाड पत्रा. नेहमीच्या वापरातला एक असतो सुमारे ३१८ सेंटिमीटर लांब आणि २४४ सेंटिमीटर रुंद, आणि त्यावर पत्र्या-जाळीसकट ६,८०४ किलोपर्यंत वजन चालतं. रचून झालं की वरून जाळं ताणून बांधायचं, काट्यावर वजन करायचं आणि वजनाची चिठ्ठी लावायची. मग लोड कंट्रोलर प्रत्येक पॅलेटला विमानात जागा नेमून देतो. कुठला नंबर कुठल्या घरात, हे लिहिलेली सूचना लोडरकडे जाते. लोडर त्याप्रमाणे भरतो आणि प्रत्यक्ष काय कुठे भरलं ते लिहून, सही करून परत देतो. त्यावरून अंतिम ट्रिम शीट होते आणि कॅप्टन तिच्यावर सही करतो.

विमानाच्या आत जमिनीवर रुळं आणि पोलादी गोळे बसवलेले असतात. त्यामुळे पाच-सहा टनांचं पॅलेट चार माणसं ढकलू शकतात. पण जे ढकलायला सोपं, ते घसरायलाही सोपं. म्हणून प्रत्येक घराच्या कडेला जमिनीतून वर येणारी कुलपं असतात आणि ती पॅलेटची कड धरून ठेवतात. एखादं कुलूप बिघडलेलं असेल तर त्या घरात किती वजन ठेवायचं याचीही वेगळी मर्यादा असते. कुलूप नाही तर नाही, एवढ्यानं काय होतंय, असं म्हणायची सोय नाही.

या साखळीतली कडी सुटली म्हणजे काय होतं, याचं एक उदाहरण आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं शिकवलं जातं. ते आहे अमेरिकेतल्या मायामीचं, ७ ऑगस्ट १९९७ चं. फाइन एअर या मालवाहू कंपनीचं डीसी-८ जातीचं विमान डेनिमचं कापड घेऊन डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगोला निघालं होतं. या फेरीसाठी आधी दुसरं विमान ठरलेलं होतं. ते बदललं आणि त्याच जातीचं दुसरं विमान आलं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण एकाच जातीच्या दोन विमानांचा रिकामा तोलही सारखा नसतो, त्यामुळे पॅलेटांची मांडणी बदलावी लागते. माल भरण्याचं काम दुसऱ्याच एका कंपनीकडे होतं. नव्या विमानासाठी हवी असलेली मांडणी एक आणि प्रत्यक्षात भरली गेलेली दुसरी, असं झालं. तोल कागदावर दाखवला होता त्याहून मागे गेला. विमान उलाळ झालं होतं आणि कॉकपिटमधल्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. विमानाच्या शेपटीला आडवे पंख असतात. उड्डाणापूर्वी त्यांचा कोन तोलबिंदूप्रमाणे लावावा लागतो. यालाच ‘ट्रिम’ म्हणतात. तोल पुढे असेल तर नाक उचलायला शेपटीनं जास्त मदत करायची, मागे असेल तर कमी. मायामीच्या वैमानिकांनी कागदावरच्या तोलाप्रमाणे ट्रिम लावली, म्हणजे नाक उचलायला जास्त मदत दिली. प्रत्यक्षात मदतीची गरजच कमी होती. शेपटीकडे वजन आधीच होतं, वर ट्रिमही त्याच दिशेची. चुकीच्या कागदानं असा दोन्हीकडून मार दिला. चाकं सुटताच नाक भलतंच वर गेलं, पंखांवरची हवा सुटली आणि विमान विमानतळाच्या बाहेर कोसळलं. विमानातले तिघे कर्मचारी, एक सुरक्षारक्षक आणि खाली गाडीत बसलेला एक माणूस, असे पाच जण गेले. त्या गाडीवाल्याचा या सगळ्याशी काय संबंध होता?

अवशेषांत पॅलेटची बरीचशी कुलपं उघडी सापडली. त्यामुळे पहिला संशय असा, की उड्डाणाच्या वेळी माल मागे घसरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं पुढच्या वर्षी अहवाल दिला त्यात म्हटलं, की नाक उचलण्याआधी माल फारसा घसरलेला नव्हता. तो भरतानाच तसा भरला होता. मंडळानं ठपका ठेवला तो माल भरणाऱ्या कंपनीवर आणि त्याच्याही आधी विमान कंपनीवर. आपल्या विमानात काय, कुठे आणि कसं भरलं जातं यावर तिचा ताबा नव्हता. काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही. सरकारी देखरेख करणारं खातंही या अहवालातून सुटलं नाही. उणिवा माहीत असूनही त्या दूर झाल्या की नाहीत हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे लोडर मंडळींत एक मामा होते, सातारकडचे. शिक्षण बेताचं, पण नजर पक्की. विमान भरलं जात असताना ते अधूनमधून खाली उतरून नाकाच्या चाकाकडे बघून येत. त्या चाकाच्या वर एक चकचकीत दांडा असतो. नाकावर पुरेसं वजन असलं की तो बराचसा आत दबलेला राहतो. शेपटीकडे भार वाढत गेला की दांडा बाहेर येऊ लागतो. एकदा मामा वर आले आणि म्हणाले, “साहेब, उलाळ होतंय. पुढचा माल कुठं अडकलाय?” पुढचा माल खरंच गोदामाच्या दारात अडकला होता आणि घाईत मागचा भरायला सुरुवात झाली होती. उभं विमान शेपटीवर बसायला वेळ लागत नाही. जगात हे प्रकार घडत असतात. म्हणून भरताना पुढून सुरुवात, रिकामं करताना मागून सुरुवात हा दंडक, आणि शेपटीखाली आधाराचा खांब लावायचा तो वेगळा. त्या दिवशी काम थांबवलं, पुढची पॅलेटं आणवली आणि मग पुढे गेलो. विमानाला उशीर झाला, त्यावरून वरच्या मजल्यावर बोलणी बसली. बसू देत.

रोजच्या चुका या मायामीसारख्या भव्य नसतातच. ४,१२० चं ४,२१० लिहिलं जातं. दोन सारखी दिसणारी पॅलेटं एकमेकांच्या घरात जातात. शेवटच्या क्षणी एक पॅलेट खाली राहतं, पण कागदावर चढलेलं असतं. आणि आपल्या मुंबईची खास चूक म्हणजे पाऊस. जुलैमधल्या एका रात्री सुती कपड्यांच्या खोक्यांचं एक पॅलेट वजन झाल्यावर बराच वेळ ॲप्रनवर उभं होतं. वरचं प्लॅस्टिक एका बाजूनं फाटलेलं. मी ते परत काट्यावर न्यायला सांगितलं. एजंट वैतागला; त्याच्या मते चिठ्ठीवर वजन होतं आणि चिठ्ठी पुरेशी होती. काट्यानं सव्वाशे किलो जास्त दाखवले. एवढ्या मोठ्या विमानाला सव्वाशे किलोनं काहीही होत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण तशी पॅलेटं त्या रात्री किती भिजली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळीच पुन्हा तोलली.

पॅलेटवर बसतो आणि कुलपात अडकतो तो माल सोपा. खरी परीक्षा अवजड आणि वेड्यावाकड्या वस्तूंची, म्हणजे यंत्रं, जनरेटर, वाहनं. अशा वस्तू जाड पट्ट्यांनी थेट विमानाच्या जमिनीला बांधाव्या लागतात. आणि पट्टा म्हणजे सुंभाची दोरी नव्हे. २,२६८ किलोच्या ताकदीचा पट्टा तिरका बांधला की त्याची सगळी ताकद एका दिशेला मिळत नाही. थोडी वर, थोडी आडवी अशी वाटली जाते. वस्तू मागे सरकू नये म्हणून किती, पुढे सरकू नये म्हणून किती आणि वर उचलू नये म्हणून किती, असा प्रत्येक दिशेचा वेगळा हिशेब मांडावा लागतो. शिवाय ज्या जागी पट्टा अडकवायचा, त्या जागेची सहनशक्ती किती तेही पाहायचं.

२९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बग्राम तळावरून नॅशनल एअरलाइन्सचं ७४७ दुबईला निघालं. पोटात पाच चिलखती लष्करी वाहनं, काही सुमारे १२ टनांची, काही १८ टनांची. उड्डाण होताच नाक उभं होत गेलं, विमान क्षणभर हवेत लटकल्यासारखं झालं आणि तळाजवळच कोसळलं. एका वाहनातल्या कॅमेऱ्यात ते चित्रित झालं आणि जगभर पाहिलं गेलं. सातही कर्मचारी मृत्युमुखी पडले. माल मागे सरकला आणि तोल गेला, असं सगळ्यांनी लगेच म्हटलं. तपासात निघालं ते आणखी भयंकर होतं. सुटलेलं वाहन मागे जाऊन शेपटीकडच्या भिंतीतून आरपार घुसलं. त्यानं हायड्रॉलिक यंत्रणा तोडली आणि शेपटीचे आडवे पंख हलवणारी यंत्रणाही मोडली. नुसता तोल गेला असता तर वैमानिकांना सावरण्याची संधी होती. मोडलेल्या शेपटीनं ती ठेवली नाही.

मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. हे विमान बग्रामला थांबण्यापूर्वी कॅम्प बास्टियनहून आलं होतं आणि त्या उड्डाणातच एक पट्टा तुटल्याचं कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात त्यावरचं बोलणं आहे. म्हणजे विमानानं आधी इशारा दिला होता. पण मालाची बांधणी मुळातच चुकीच्या हिशेबावर उभी होती. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत विमान आणि कुलपं बनवणाऱ्यांनी दिलेली महत्त्वाची माहिती गाळलेली होती आणि बांधणीच्या पद्धतीही चुकीच्या दिलेल्या होत्या, असं २०१५ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. लोडमास्टर पुस्तकाप्रमाणे वागला, पण पुस्तकच चुकलेलं. त्यातून अशीही बाब पुढे आली, की विमान चालवणाऱ्याला परवाना लागतो, दुरुस्त करणाऱ्याला लागतो, पण असा अवघड माल बांधणाऱ्याला अमेरिकेत तसला परवाना लागत नव्हता. मंडळानं तो असावा अशी शिफारस केली.

कधीकधी माल अगदी बरोबर भरलेला असतो आणि चूक होते ती आकड्यात. १४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडात हॅलिफॅक्सला एमके एअरलाइन्सचं ७४७ स्पेनकडे निघालं. अमेरिकेतून गवत कापायचे ट्रॅक्टर आणलेले, हॅलिफॅक्सला लॉबस्टर आणि मासे चढलेले. उड्डाणाचा वेग आणि इंजिनाची ताकद लॅपटॉपवर काढली गेली, पण हिशेबात वजन धरलं गेलं ते आधीच्या विमानतळावरून निघतानाचं. प्रत्यक्ष वजन त्याहून शंभर टनांहून जास्त. धावपट्टी संपली तरी विमान नीट उचललं नाही, पुढच्या मातीच्या बांधाला शेपूट आपटलं. सात जण गेले. यंत्रानं हिशेब चोख केला होता. त्याला दिलेला आकडा कालबाह्य होता. म्हणून आता बहुतेक ठिकाणी दोन वैमानिक स्वतंत्रपणे आकडे काढतात आणि मग ताडून पाहतात. मायामीच्या अपघातानंतर कॉकपिटमध्येच वजन व तोल दाखवणाऱ्या यंत्रणेचा विचार व्हावा, अशी शिफारस झाली होती. चाकांवर किती भार पडतो ते मोजून तोल सांगणारी यंत्रणा अस्तित्वात आहे, काही विमानांत असतेही. सगळ्या मालवाहू विमानांना मात्र तिची सक्ती झालेली नाही. म्हणजे आजही भिस्त कागदावर, किंवा कागदाची जागा घेणाऱ्या टॅबलेटवर.

आता तुमच्या-माझ्या घरातली गोष्ट. कागदावर नुसतं वजन नसतं, खोक्यात काय आहे तेही असतं. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट कंपनीचं प्रवासी विमान मायामीहून निघाल्यावर थोड्याच वेळात आग लागून दलदलीत पडलं आणि ११० जण मेले. पोटात होते रासायनिक प्राणवायू तयार करणारे डबे, विमानातून काढलेले, सुरक्षा टोपणं न लावता खोक्यात भरलेले. कागदावर मात्र ते ‘रिकामे’ होते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ यूपीएसचं मालवाहू ७४७ आगीत सापडून दोन वैमानिक गेले. त्यात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येनं होत्या. अशा बॅटऱ्या सुट्या स्वरूपात प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. आपल्याकडे धोकादायक मालासाठी वेगळे नियम आहेत, आणि हा माल हाताळणाऱ्याला दर दोन वर्षांनी पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं. धोकादायक माल चढला की कॅप्टनला त्याची लेखी यादी द्यावी लागते: काय आहे, किती आहे, कुठल्या घरात आहे. आग लागली तर ती कशाची, हे त्याला त्यावरून कळतं.

जाहीर केलेल्या मालाची मला कधी फारशी भीती वाटली नाही. तेजाब असो, रंग असो, नीट बांधलं, लेबल लावलं, योग्य जागी ठेवलं की ते निमूट प्रवास करतं. भीती न सांगितलेल्याची. दिवाळीच्या आधी अमेरिकेला, इंग्लंडला, दुबईला फराळाची पार्सलं निघतात. चकल्या, करंज्या, अनारसे, त्यांना कोण अडवणार? पण नातवाला मजा म्हणून लाडवांच्या डब्याखाली फुलबाज्यांची दोन पाकिटं सरकवलेली असतात. सुनेला अत्तराची बाटली. वर मुलाचा जुना मोबाइल, फुगलेल्या बॅटरीसकट. अर्जावर मात्र लिहिलेलं असतं ‘खाद्यपदार्थ’. फुलबाजी नियमाच्या पुस्तकात स्फोटकांच्या वर्गात मोडते. कुरिअरच्या खिडकीवर “आत काय आहे?” असं विचारतात तेव्हा तो माणूस भोचकपणा करत नसतो, तो कॅप्टनच्या यादीत भरायचं उत्तर मागत असतो. प्रवासाला जाताना पॉवर बँकही चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. शंभर वॉट-अवरपर्यंतची असेल तर ती हातातल्या सामानात ठेवायची. केबिनमध्ये तिनं धूर काढला तर कुणाच्या तरी नजरेस पडते. खाली पोटात ती पेटली, तर शेजारी काय ठेवलं आहे यावर सगळं अवलंबून राहतं.